पाचवा पाहुणा

१

वहीचं पहिलं पान फाडलेलं होतं. फाडणाऱ्याला घाई होती, पण त्यानं काळजीही घेतली होती. शिवणीपाशी नखाएवढी पट्टी तेवढी उरली होती.

“ही वही मी कोरी ठेवली व्हती, करुणा,” अप्पाराव म्हणाले. “माझ्या हातानं. पंधरा दिवसांमागं.”

करुणा हिवराळेनं वही उन्हात धरली. फाटलेल्या पानाच्या पुढच्या पानावर निळ्या शाईत एकच नोंद होती. ऋतुराज, रविवार, सकाळी सात चाळीस. बाकी सगळी वही कोरी.

सोमवारची सकाळ होती. खुलताबादहून म्हैसमाळकडं जाणाऱ्या रस्त्यालगत, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या दगडी बांधापाशी दोघं बसली होती. पुढ्यात अप्पारावांनी घडवलेली सागवानी पेटी होती, पितळी झाकणाची.

अप्पारावांनी वाळूजच्या एका कंपनीत, टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी बजाजनगरात स्वतःची शेड टाकली. एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि भिंतभर हत्यारं. आता वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लेक पुण्यात तिच्या संसारात रमलेली. शेड विकायची नाही, ती चालवील अशा माणसाच्या हाती द्यायची, एवढं त्यांनी पक्कं केलं होतं. माणूस कोण, ते ठरत नव्हतं.

त्यातून ही पेटी निघाली. करुणानंच त्यांना जिओकॅशिंगचा नाद लावला होता. कुणीतरी एक डबी लपवायची, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे; हौशी लोकांनी मोबाइल घेऊन ती हुडकायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. अप्पारावांनी त्यात स्वतःची अक्कल ओतली. त्यांच्या पेटीला किल्ली नव्हती. किल्लीच्या जागी जुनी नाणी लागायची, तीही शोधणाऱ्यानं स्वतः मिळवून आणायची. झाकणावर चार घरं होती: चौकोनी पाच पैशाचं, षटकोनी तीन पैशाचं, नागमोडी कडेच्या दहा पैशाचं आणि एका खिळ्यावर बसणाऱ्या भोकाच्या पैशाचं. पाचवी एक उभी फट होती, चार आण्याचं नाणं जाईल एवढी. तिच्याखाली दोन ओळी कोरल्या होत्या:

पाच पाहुणे बोलाव.
चौघं दारात थांबतील, पाचवा घरात जाईल.

पेटी न फोडता जो पहिल्यांदा उघडेल, त्याला शेड. अप्पारावांनी तसं नेटवर जाहीर करून टाकलं होतं.

रविवारी संध्याकाळी ऋतुराज नावाचा तरुण इंजिनिअर उघड्या पेटीचा फोटो घेऊन त्यांच्या दारात आला. अप्पांनी त्याला चहा पाजला. आणि सोमवारी उजाडता उजाडता अमृता नावाची मुलगी आली. ती म्हणाली, “पेटी मी शनिवारीच उघडली. पहिल्या पानावर माझं नाव हाय.”

अप्पांनी करुणाला फोन लावला. करुणा सत्तावीस वर्षं त्याच कंपनीत तपासणी विभागात होती. तिनं नापास केलेला सुटा भाग पास करून घ्यायची हिंमत मॅनेजरलाही झाली नव्हती. तिनं गाडी काढली आणि दौलताबादचा घाट चढून दोघं इथं आली.

आता वही खाली ठेवून ती पेटीकडं बघत बसली. दहा मिनिटांपूर्वी घडलेली एक गोष्ट तिच्या मनात घोळत होती. अप्पांनी डोळ्यांपेक्षा बोटांच्याच भरवशावर चार नाणी बसवली होती. पाचवं अजून त्यांच्या मुठीत होतं. करुणानं सहज झाकणाला हात लावला, तर ते उघडलंच.

“खिटी बसली नाय जणू,” अप्पा तेव्हा पुटपुटले होते. “माती गेली असंल आत.”

“अप्पा,” करुणा म्हणाली, “पाचवं नाणं कोणतं ते मला सांगू नका.”

“सांगणारच नव्हतो. उद्या कुणी म्हणायला नको, म्हाताऱ्यानं फोडलं म्हणून.”

तेवढ्यात शेताचा मालक बांधावरून आला. शनिवारी तो गावात नव्हता, लग्नाला गेला होता. पण रविवारचं त्यानं पाहिलं होतं.

“काल भरदुपारी एक जण इथं बसला व्हता,” तो म्हणाला. “पेटी मांडीवर घेऊन. शहागंजात जुनी नाणी विकतो ना, त्यो साहेबराव.”

२

ऋतुराज सिडकोत राहायचा. खुर्च्या, चहा, बिस्किटं असा त्यानं व्यवस्थित पाहुणचार केला. घरची शेती होती, भाऊ ती बघायचा. ऋतुराजला मात्र लहान शेतकऱ्यांना परवडेल असं पेरणीयंत्र बनवायचं होतं. त्याचं रेखाटन भिंतीवर लावलेलं होतं. रेखाटन चांगलं होतं, करुणानं मनातल्या मनात दाद दिली.

“बाहेरच्या वर्कशॉपवाल्यांनी दोनदा नमुना बिघडवला,” तो म्हणाला. “स्वतःची लेथ हाती आली तर सहा महिन्यांत यंत्र उभं करतो, ताई.”

“फोटो दाखव.”

त्यानं मोबाइल पुढं केला. करुणानं फोटो मोठा करून पाहिला. मागं डोंगर, पुढं उघडी पेटी, झाकणावर सकाळचं ऊन. चारही घरांत नाणी नीट बसलेली. फटीच्या तोंडाशी पाचवं नाणं अर्धं वर आलेलं, लखलखीत. त्यावरचा गेंडा स्पष्ट दिसत होता.

“हा फोटो अप्पांनी बघितला?”

“दाखवला ना. त्यांना फार काही दिसलं नसावं. झाकण उघडं आहे एवढं दिसलं, खूश झाले.”

“नाणी कुठंयत?”

ऋतुराजनं ड्रॉवरमधून मखमली बटवा काढला आणि पाचही नाणी टेबलावर ओळीनं मांडली.

“ही परत कशी घेतलीस?”

“कशी म्हणजे? जिथं ठेवली होती तिथून उचलली.” तो हसला. “आणि वहीचं म्हणाल तर, मी कुठल्याच वहीचं पहिलं पान वापरत नाही. शाळेपासूनची सवय. मी दुसऱ्यावर लिहिलं. माझ्यानंतर कुणी येऊन कोरं पान फाडलं असेल, आणि आता म्हणत असेल की त्यावर माझं नाव होतं. असं होऊ शकतं ना?”

करुणानं बिस्किट चहात बुडवलं. होऊ शकत होतं. त्याच्या म्हणण्यात कुठंही फट नव्हती.

“त्या मुलीला एकच विचारा,” दारापर्यंत सोडायला आलेला ऋतुराज म्हणाला. “म्हणावं, तुझी पाच नाणी दाखव.”

३

“चारच हायत,” अमृता म्हणाली.

बजाजनगरातल्या एका छोट्या कारखान्याच्या फाटकाबाहेर, जेवणाच्या सुट्टीत, ती करुणासमोर उभी होती. आयटीआय करून तिला तीन वर्षं झाली होती. कंत्राटावर लेथ चालवायची. बोटांना ग्रीसचा वास, कपाळावर गॉगलचा वळ. आई कडूबाई खुलताबादेत चहाचं हॉटेल चालवायची. अमृता शनिवारी सुट्टीला घरी गेली होती, तेव्हाच तिनं पेटी गाठली होती.

“पाचवं कुठंय?”

“पेटीनं ठेवून घेतलं.”

“ठेवून घेतलं?”

“व्हय. आत गेलं, झाकण उघडलं. मी नाव लिवलं, झाकण लावलं, चार नाणी काढून घेतली. पाचवं काय बाहेर आलं नाय. मला वाटलं पेटीची रीतच आसंल.”

“फोटो काढला नाहीस?”

“फोन घरात एकच, तो भाऊ घेऊन गेलता. मी आकडे कागदावर उतरून नेले व्हते. वाट विचारत विचारत गेले.”

“आणि अप्पांकडं यायला सोमवार का उजाडला?”

“रविवारी कंपनीनं डबल शिफ्टला बोलावलं. नाय म्हणलं की दुसऱ्या दिवशी गेटवरनं परत पाठवतेत.”

करुणानं आपल्या वहीत टिपून घेतलं. मग विचारलं, “पाचवं नाणं कसं होतं, सांगता येईल?”

अमृताला आठवावं लागलं नाही. “चार आण्याचं. शहात्तर सालचं. आईच्या डब्यातलं. आयटीआयला पहिल्यांदा कानस हातात आली तवा मी त्याच्याच कडेला दोन घाव मारले व्हते, सरळ येतात का बघायला. आई लई बोलली.”

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“आईला. आणि आता तुमाला.”

भोंगा झाला. अमृता वळली, दोन पावलं गेली आणि थांबली.

“ताई, कुणी काही म्हणू द्या. म्या पेटी उघडली हाय. माझा हात मला म्हाईत हाय.”

त्या दुपारी करुणानं अप्पांना एकच प्रश्न विचारला. पेटी नाणं ठेवून घेते का?

अप्पारावांनी मान खाली घातली. पोरगी त्यांच्या मनात भरली होती, हे लपत नव्हतं.

“नाय घेत,” ते जड आवाजात म्हणाले. “झाकण लावलं की पाचवं नाणं मागच्या भोकातनं घरंगळत बाहेर येतं. मीच केलंय तसं. ती पोर खोटं बोलली, करुणा.”

मागच्या भोकातून, हे दोन शब्द करुणानं आपल्या वहीत लिहिले आणि त्यांच्याखाली रेघ ओढली.

४

शहागंजात साहेबरावचं दुकान म्हणजे दोन हात रुंद फळी. तिच्यावर काचेखाली निजामाच्या चारमिनारी नाण्यांपासून कालपरवा बंद झालेल्या पैशापर्यंत सगळं मांडलेलं. गिऱ्हाइकांशी दखनीत आणि करुणाशी मराठीत बोलत तो एकाच वेळी तिघांना तोंड देत होता.

“आओ ताई. पेटीचंच ना? मला वाटलंच.”

“रविवारी तिथं काय करत होतास?”

“उघडायला गेलतो. नाय उघडली, आलो परत.” त्यानं आवाज खाली केला नाही. “मला अप्पांची जागा पाहिजे हाय, मी चोरून कशाला बोलू? कुणीच जिंकलं नसतं तर आज ना उद्या त्यांना ती विकावी लागली असती. मी घेतली असती.”

“मग वहीचं पान तू फाडलंस?”

“वही दिसायला पेटी उघडावी लागते ना? मला तर भोकाचा पैसाच बसेना. माझा झिजलेला, खिळ्यावर नुसता डुलत व्हता.”

“त्या दोघांना नाणी तूच विकलीस?”

“त्या इंजिनिअर साहेबाला पाची. चार आण्याचं त्यानं सगळ्यात चमकदार उचललं, गेंड्याचं. पोरीनं तीनच नेली. पाच पैसे आणि चार आणे घरचे हायत म्हणाली.”

करुणानं काचेखाली पाहिलं. चार आण्यांचे तीन वेगवेगळे ढिगारे होते.

“हे तिन्ही सारखेच दिसतात. वेगळे का ठेवलेस?”

“दिसतात सारखे,” साहेबराव खुलला. हा त्याचा विषय होता. “माप एकच. पण धातू निराळा. हे साठ-पासष्टच्या टायमाचं, निकेलचं. हे गेंड्याचं, स्टीलचं. आणि हे मधलं, सत्तर-ऐंशीतलं, मिश्र धातूचं.” त्यानं गल्ल्यातून लोहचुंबक काढला आणि एकेका ढिगाऱ्यावर फिरवला. निकेलचं नाणं टपकन उडून चिकटलं. गेंडाही चिकटला. मधलं नाणं जागचं हललंसुद्धा नाही.

करुणा त्या न हललेल्या नाण्याकडं बघत राहिली. चौघं दारात थांबतील, पाचवा घरात जाईल. तिनं साहेबरावच्या हातातला चुंबक मागून घेतला, स्वतः पुन्हा एकदा फिरवून पाहिला आणि परत दिला.

“उद्या सकाळी दहाला अप्पांच्या शेडवर ये,” ती म्हणाली. “पान कुणी फाडलं ते मला कळलंय.”

५

मंगळवारी दहाला शेडमध्ये पाच जण होते. मधल्या बाकावर पेटी. अप्पाराव खुर्चीत, ऋतुराज आणि साहेबराव समोरासमोर. अमृता अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती आणि लेथला टेकून उभी होती.

“साहेबरावपासून सुरुवात करते,” करुणा म्हणाली. “त्याला कुणीच जिंकायला नको होतं. असा माणूस एक पान फाडून दुसरं ठेवत नाही. त्यानं अख्खी वही नेली असती. म्हणजे तो सुटला.”

साहेबरावनं हात जोडले.

“राहिले दोघं. ऋतुराजकडं फोटो आहे आणि पाची नाणी आहेत. अमृताकडं फोटो नाही, आणि एक नाणं कमी. नापासाची लाल पट्टी कुणाला लागणार, हे कुणीही सांगेल. पण ऋतुराज, काल मी विचारलं, नाणी कुठून परत घेतलीस. तू म्हणालास, जिथं ठेवली तिथून.”

“हो. मग?”

“पाचवंसुद्धा?”

“पाचवंसुद्धा.”

“अप्पा, पाचवं नाणं कुठून परत यायला पाहिजे?”

“मागच्या भोकातनं,” अप्पा म्हणाले, आणि बोलता बोलताच ताठ बसले.

“झाकणावर अप्पांनी लिहूनच ठेवलंय. पाचवा घरात जाईल. पेटी उघडते तेव्हा पाचवं नाणं दिसताच कामा नये, ते आत गेलेलं असतं. तुझ्या फोटोत ते फटीच्या तोंडाशी उभं आहे. गेंडा स्पष्ट दिसतोय. फटीत लोहचुंबक आहे, अप्पा, बरोबर?”

“बराबर.” म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं. “चिकटणारं नाणं तोंडाशीच आडतं. न चिकटणारं घसरून खिटीवर पडतं. वजनानं खिटी दबती, झाकण सुटतं.”

ऋतुराजचा रंग उतरला, पण तो मागं हटला नाही. “पेटी उघडली, हे तर खरं ना? मी जोर लावला नाही, काही तोडलं नाही. मग ती माझ्या हातानं उघडली कशी?”

“काल माझ्या हातानं उघडली तशीच. चार नाणी होती, पाचवं अप्पांच्या मुठीत होतं. कारण खिटी आधीपासून दबलेली होती.” करुणानं पेटी उलटी केली. तळाला चार स्क्रू होते. “पेटी नाणं ठेवून घेत नाही, असं अप्पा म्हणतात. त्यांनी तशी बनवलीय, ते खरं. पण एकदा तिनं ठेवून घेतलं. शनिवारी झाकण लावलं तेव्हा नाणं मागं घरंगळलं नाही, खिटीवरच रुतून बसलं. तेव्हापासून ही पेटी बिनकुलपाची आहे. अमृता, तुझं नाणं कसं होतं ते सगळ्यांसमोर सांग.”

अमृतानं सांगितलं. सालासकट, घावांसकट.

“अप्पा, तुमचे हात चालवा. तळ उघडा.”

स्क्रूचा आवाज तेवढा येत होता. तळाची पट्टी निघाली. खिटीच्या टोकाला, पितळी कठड्यात तिरकं अडकलेलं एक मळकट नाणं होतं. अप्पांनी ते चिमट्यानं सोडवलं आणि डोळ्यांनी न बघता कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

“दोन घाव,” ते म्हणाले. “आणि सरळ हायत.”

साहेबरावनं भिंग लावलं. “शहात्तर.”

“थांबा,” करुणा म्हणाली. “मी एका मापावर माल पास करत नाही. पट्टी लावा, झाकण बंद करा. ऋतुराज, आता तुझी पाची नाणी बसव.”

ऋतुराजनं बटवा काढला, पण उघडला नाही. गेंडा फटीत अडकणार आणि झाकण जागचं हलणार नाही, हे शेडमधल्या प्रत्येकाला कळलं होतं, आणि सगळ्यात आधी त्याला.

“झाकण उघडलं तेव्हा मला खरंच वाटलं, मी जिंकलो,” तो म्हणाला. त्याचा आवाज आता साधा झाला होता. “डोंगरावर एकटाच ओरडलो मी. फोटो काढला. मग वही उघडली, तर नाव. शनिवार. दहा मिनिटं नुसता बसून होतो. मग फाडलं. घाटात गाडीच्या खिडकीतून फेकून दिलं.” त्यानं अमृताकडं पाहिलं. “काल सिडकोत ताईंना म्हणालो, तिला पाच नाणी दाखवायला सांगा. ते मला सगळ्यात जास्त लागलंय. तुला खोटं पाडायला निघालो होतो मी.”

“पाडलं व्हतंच,” अमृता म्हणाली. “काल दुपारपासून मैत्रिणीच्या फोनवरनं लावत व्हते, अप्पांनी उचलला नाय.”

अप्पाराव उठले. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली शेडची किल्ली काढली आणि चाचपडत लेथपाशी आले.

“चूक माझी बी झाली, पोरी. माझं काम चुकणारच नाय, असं धरून बसलो. मशीन खोटं बोलंना, म्हणून माणूस खोटं ठरवलं.” त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. “घे.”

६

अमृतानं किल्ली कमरेला खोचली, पण ती तिथंच थांबली नाही. ती सरळ बाकापाशी गेली, पेटी पुन्हा उलटी केली आणि आत बोट घालून खिटी वरखाली करून पाहिली.

“अप्पा, रागवू नका.”

“बोल.”

“माती नाय गेलेली. खिटीचा उतार कमी हाय. नाणं झिजलेलं आसंल तर जातंय, पण कड उठलेली असली की अडकणारच. माझ्या घावांनी कड उठली व्हती. दोन अंश उतार वाढवला की कसलंबी नाणं जाईल.”

सत्तावीस वर्षांत अप्पारावांच्या कामाला कुणी उणं काढल्याचं करुणाला आठवत नव्हतं. अप्पांनी पेटी हातात घेतली, खिटीवर अंगठा दाबला, कान लावला. मग ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले.

“दीड अंश,” ते म्हणाले. “दोन लई व्हईल.”

“दोनच लागंल.”

“करून दाखव.”

तिनं ओढणी खोचली, गॉगल शोधला आणि खिटी शिकंज्यात धरली. साहेबराव जवळ सरकून बघू लागला. ऋतुराज मात्र दाराशी गेला होता. चपलेत पाय घालून तो थोडा घुटमळला.

“पेटी परत डोंगरावर ठेवणार असाल,” तो म्हणाला, “तर मी पुन्हा येऊ का? शेडसाठी नाही. नुसतं कोडं सोडवायला.”

अप्पांनी अमृताकडं बोट दाखवलं. आता ते तिनं ठरवायचं होतं.

अमृतानं खिटीवरची नजर काढली नाही. कानस एकदा चालवली, कड बोटानं पाहिली, मग म्हणाली, “या की. पण जुनी उत्तरं घेऊन येऊ नका. कोडं मी बदलणार हाय.”